वायरच्या जुन्या अलार्मला मोबाईल जोडला आणि भोंगा रात्री तीनला वाजायला लागला

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचंही तेच असेल तरच पुढे वाचा. घरात जुना वायरचा अलार्म आहे. दारांना मॅग्नेट, खोलीत पीआयआर (माणसाच्या अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर), बाहेर भोंगा. मधलं पॅनेल काढून त्याजागी वायफायचं बोर्ड लावलं, मोबाईलवर सगळं दिसायला लागलं, दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या रात्री पावणेतीनला भोंगा. दार बंद, कडी लावलेली, अंगणात चिटपाखरू नाही. ॲपमध्ये बघावं तर ‘मागचं दार उघडलं’ आणि त्याच सेकंदाला ‘मागचं दार बंद झालं’. दोन-तीन दिवस शांतता, मग पुन्हा तेच.

हे झालं माझ्या मामांच्या घरी, गुहागर तालुक्यात. चिऱ्याचं कौलारू घर, मागे पडवी, पलीकडे विहीर. मामा-मामी दोघंच असतात, मुलं मुंबईला, मी पुण्याला. अलार्म २००८ साली बसवलेला, सहा झोनचा, म्हणजे पॅनेलला वेगवेगळ्या कळणाऱ्या सहा जागांचा : पुढचं दार, मागचं दार, पडवीचं दार, माळ्याची खिडकी, ओटीवरचा पीआयआर आणि माजघरातला पीआयआर. पॅनेल लँडलाइनवरून फोन लावायचं. वळवाच्या पावसात जवळच कुठेतरी वीज पडली, लँडलाइनच्या तारेतून आत आली आणि पॅनेलचं बोर्ड काळं पडलं. ट्रान्सफॉर्मर, चार्जिंगचा भाग आणि भोंगा तेवढे वाचले.

नवा वायरलेस संच घ्यावा असं सगळ्यांचं मत होतं. माझं नव्हतं, अजूनही नाही. भिंतीतून, वाशांवरून आधीच फिरवलेली तांब्याची तार ही अशा घरातली सगळ्यात महाग गोष्ट आहे आणि ती फुकट मिळत असते. वायरलेस सेन्सरचे सेल दर दीड-दोन वर्षांनी बदलायचे, आणि ते बदलायला माळ्यावर चढणार कोण? सत्तरीतले मामा? म्हणून फक्त मेंदू बदलला. ईएसपी३२ हे चार-पाचशे रुपयांचं बोर्ड, त्यात ईएसपीहोम हे ते बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, म्हणजे घरातलं सगळं मोबाईलवर दाखवणारं सॉफ्टवेअर. मामांचा प्रश्न एकच होता : “अरे, फोनवर येऊन उपयोग काय? तू पुण्याहून चोर धरणार आहेस का?” मी म्हटलं, “मामा, निदान कळेल तरी.” आणि कळायला लागलं, रात्री तीनला.

आधी केलेला वेडेपणा

पहिल्या खेपेला मी वायफायला दोष दिला. दुसऱ्या खेपेला ॲपला. बोर्ड बदललं, सगळं अपडेट केलं, राउटरची जागा हलवली. कुंभार्ली घाटाच्या तीन खेपा आणि मामींच्या हातचे घावणे एवढंच पदरात पडलं. मीटर गाडीच्या डिकीत पडून होता आणि मी मोबाईलच्या पडद्याकडे बघत बसलो होतो.

जुन्या पॅनेलबद्दल एक गोष्ट मला तेव्हा लक्षात यायला हवी होती. ही पॅनेलं मुद्दाम मंद केलेली असतात. एखादा झोन साधारण तीनशे-चारशे मिलिसेकंद सलग उघडा राहिला तरच ती दखल घेतात, त्याहून लहान झटका सोडून देतात. ईएसपी३२ला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्याला एका मिलिसेकंदाचा झटकाही ऐकू जातो. म्हणजे तार आधीपासूनच आजारी होती. जुनं पॅनेल म्हाताऱ्या सासऱ्यासारखं ऐकून न ऐकल्यासारखं करत होतं, नवी सून प्रत्येक बारीक आवाजाला उठून बसायला लागली.

तेव्हा सगळ्यात आधी वही घ्या. दर वेळी तीनच गोष्टी लिहा : कुठला झोन, किती वाजता, किती वेळ उघडा दिसला. तीन आठवड्यांची वही समोर ठेवल्यावर मला दिसलं की एक दुखणं नव्हतंच, दोन होती. मागचं दार ओरडायचं ते रात्री दोन ते चारच्या दरम्यान, आणि पावसाच्या दिवशी जास्त. माळ्याची खिडकी ओरडायची ती नेमकी पहाटे साडेपाचला, पाऊस असो-नसो. ॲपमध्ये हे दोन्ही एकाच यादीत एकाखाली एक येत होतं, म्हणून मला एकच भूत दिसत होतं.

शेवटच्या रेझिस्टरची भानगड

हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात.

जुन्या अलार्मच्या प्रत्येक झोनला एक बारका रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, असतो. पॅनेलप्रमाणे त्याची किंमत वेगळी. मामांकडे ५.६ किलोओहमचे होते : हिरवा, निळा, लाल पट्टा आणि शेवटी सोनेरी. तो तारेच्या पार टोकाला, सेन्सरच्या आत बसवायचा असतो. तसा असला की पॅनेलला दार उघडलं आणि तार कुणी मुद्दाम जोडून टाकली यातला फरक कळतो. पण बरेच कारागीर आळस करतात आणि सगळे रेझिस्टर पॅनेलच्या पेटीतच स्क्रूखाली अडकवून मोकळे होतात. मामांकडे चार झोनचे रेझिस्टर पेटीत होते, ते जुन्या बोर्डाबरोबर निघून गेले. मागचं दार आणि माळ्याची खिडकी या दोघांचे मात्र टोकाला होते. हे मला माहीत नव्हतं.

पहिली जोडणी मी बोर्डाच्या आतल्या पुल-अपवर केली होती. पुल-अप म्हणजे दार उघडं असताना बोर्डाच्या पिनला (जिथे झोनची तार लागते तिला) वर ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर. ईएसपी३२चा आतला पुल-अप साधारण ४५ किलोओहमचा, म्हणजे फारच नाजूक. पंचवीस मीटर तार त्याला लावली की ती तार अँटेना होते आणि घरातला प्रत्येक पंखा, ट्यूबलाइट त्यात काहीतरी बोलून जाते. एका मित्राने सांगितलं, बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप लाव, तार ठाम होईल. सल्ला बरोबर होता. लावला, आणि मागचं दार व माळ्याची खिडकी दिवसाढवळ्या, मिनिटाला दहा वेळा उघडायला-मिटायला लागली. बाकीचे चार झोन गप्प.

डोकं धरून बसलो. मग एकदाचा मीटर काढला. मागच्या दाराच्या पिनवर दार बंद असताना १.८ व्होल्ट.

हिशोब सोपा आहे. वरून ३.३ व्होल्ट, मध्ये ४.७ किलोओहमचा पुल-अप, खाली टोकाचा ५.६. पिनवर येतात ३.३ गुणिले ५.६ भागिले १०.३, म्हणजे सुमारे १.८. आणि या बोर्डाची पिन साधारण ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर ‘बंद’ समजते, अडीचच्या आसपास वर गेली तर ‘उघडं’. मधलं सगळं रामभरोसे. माझे दोन झोन बरोबर त्या मधल्या दलदलीत उभे होते.

इथे दोन रस्ते आहेत. एक, टोकाचे रेझिस्टर काढून टाकायचे आणि साधं शून्य-एक वाचायचं. पटकन होतं, पण तार कुणी कापून जोडली तर कधीच कळणार नाही. दुसरा, रेझिस्टर ठेवायचे, उलट चारही उरलेल्या झोनना टोकाला नवे लावायचे, आणि पिन डिजिटलऐवजी ॲनालॉग म्हणून, म्हणजे नुसतं उघडं-बंद न बघता व्होल्टचा आकडा बघून, वाचायची. मी दुसरा घेतला आणि तुम्हीही तोच घ्या. एका दुपारचं काम आहे. दाराच्या मॅग्नेटच्या स्विचला एका तारेत एकसर जोडायचा. पीआयआरमध्येही तसाच, रिलेच्या टर्मिनलला, त्याच्या १२ व्होल्टच्या टर्मिनलला नव्हे.

पिन निवडताना एक काळजी घ्या. ईएसपी३२च्या ॲनालॉग पिनांचे दोन गट आहेत आणि वायफाय चालू असताना दुसरा गट चालत नाही. पहिल्या गटातल्या ३२, ३३, ३४, ३५, ३६ आणि ३९ या सहा पिना बहुतेक बोर्डांवर बाहेर काढलेल्या असतात. सहा झोन, सहा पिना. यातल्या ३४पासून पुढच्या पिनांना आतला पुल-अप नसतोच, त्यामुळे बाहेरचा ४.७ किलोओहम लावावाच लागतो. चुकून विसरलात तर तो झोन वाऱ्यावर हेलकावे खाईल.

मग मोबाईलवर प्रत्येक झोनच्या तीन अवस्था दिसतात. एक व्होल्टच्या खाली म्हणजे तार शॉर्ट झाली किंवा कुणी केली. १.४ ते २.४ म्हणजे सगळं ठीक. २.८च्या वर म्हणजे दार उघडं. या बोर्डाचा ॲनालॉग वाचक काही प्रयोगशाळेतला मीटर नाही, आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून पट्टे ऐसपैस ठेवा.

पण खरी कमाई वेगळीच झाली. आता प्रत्येक झोनचा आलेख मिळायला लागला. पाच झोनची रेष १.८वर पाटीसारखी सरळ. मागच्या दाराची रेष दुपारी १.९, दिवेलागणीनंतर चढायला लागायची, पहाटे तीनला २.३, आणि मधूनच एखादा काटा थेट वर. म्हणजे दार उघडत नव्हतं. तारेत कुठेतरी असं काहीतरी होतं जे रात्रीच्या दमट गारव्यात बिघडायचं आणि दुपारच्या उन्हात सावरायचं.

तो जोड सापडला तेव्हा

मीटरने शोधायची पद्धत अशी. पेटीची वीज बंद, बॅटरीची एक तार काढलेली. झोनच्या दोन्ही तारा बोर्डावरून सोडवायच्या, कारण तारेवर व्होल्टेज असताना ओहम मोजले तर आकडा खोटा येतो आणि मीटरही जाऊ शकतो. दार बंद ठेवून ओहम मोजायचे. रेझिस्टर ५.६ किलोओहमचा, आणि पंचवीस मीटरची साधी अलार्मची तार जाऊन-येऊन फार तर चार-पाच ओहमची भर घालते. म्हणजे ५.६च्या अगदी जवळचा आकडा यायला हवा, रेझिस्टरचीच पाच टक्के घट-वाढ धरून. मागच्या दाराचा आला साडेसहा. नऊशे ओहम कुठून आले?

मामांना मीटरसमोर बसवलं आणि मी तारेच्या मागावर निघालो, हातभर-हातभर तार हलवत. “आकडा हलला की ओरडा हो मामा.” माजघर झालं, स्वयंपाकघर झालं. पडवीत शिरलो, शिडी लावून पहिल्या वाशापाशी तार नुसती चिमटीत धरली आणि आतून मामा ओरडले, “अरे गेला! सगळाच गेला!”

वाशाच्या वरच्या अंगाला, कौलांच्या फटीखाली, काळ्या टेपचा एक गठ्ठा होता. टेप उन्हाने वितळून चिकट गूळ झालेली, बोटांना लागली ती दोन दिवस निघाली नाही. सोलली तर आत नुसता पीळ दिलेला जोड. डाख नाही, कनेक्टर नाही. तांबं हिरवंगार. सात बारीक तारांपैकी पाच तुटलेल्या, दोनच कशाबशा टेकलेल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, खारी हवा पंधरा-सोळा वर्षं त्या टेपमध्ये शिरत होती. रात्री ओल धरली की तो जोड क्षणभर सुटायचा, पुन्हा टेकायचा. जुन्या पॅनेलने तो झटका कितीतरी पावसाळे गिळला असणार.

असा जोड नुसता घासून पुन्हा पिळू नका. हिरवेपणा इन्सुलेशनच्या आत शिरलेला असतो. मला तीन बोटं मागे कापल्यावरसुद्धा तार काळीच दिसली. वीतभर कापली तेव्हा कुठे लख्ख तांबं आलं. मधे नवा तुकडा घालून टेलिफोनवाले वापरतात ते जेली भरलेले छोटे कनेक्टर लावले. पक्कडीने दाबले की जेली तारेभोवती बसते आणि ओल आत जात नाही. डाख मारून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली तरी चालेल, पण शिडीवर उभं राहून कौलाखाली सोल्डरिंग आयर्न चालवणं मला जमत नाही. जोड झाल्यावर आकडा ५.६२. त्या रात्रीची रेष बाकीच्यांसारखी सरळ.

तुमच्याकडे कौलं आणि समुद्र नसेल, पण बाथरूमच्या भिंतीला लागून गेलेली तार, गच्चीवरून उतरलेली तार किंवा खिडकीच्या चौकटीतला जोड नक्की असेल. आधी तिथे बघा.

साडेपाचचं भूत

हे लवकर सुटलं. पहाटे साडेपाचला मामा विहिरीवरचा पंप लावतात. पंपाची केबल आणि माळ्याच्या खिडकीची तार वायरमनने एकाच केसिंगमध्ये भरली होती, दहा-बारा मीटर गळ्यात गळा घालून. पंप सुरू होताना जो झटका बसतो तो शेजारच्या तारेत उमटायचा. मी पुण्याहून मामांना फोन करून दुपारी तीनला पंप चालू-बंद करायला लावला, मोबाईलवर माळ्याची खिडकी लगेच उडाली. सिद्ध झालं.

खरा उपाय म्हणजे तार वेगळी करणं. ती फूटभर लांबून, वेगळ्या पट्टीतून नेली. तरी जोडीला बोर्डाच्या प्रत्येक पिनवर, पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये, ‘१०४’ छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावला, आणि ईएसपीहोममध्ये तीनशे मिलिसेकंदांचं ‘डिलेड ऑन’ टाकलं, म्हणजे झोन तेवढा वेळ सलग उघडा राहिला तरच बोर्डाने दखल घ्यायची. दार खरंच उघडणारा माणूस तीनशे मिलिसेकंदांत आत शिरून दार लावून घेत नाही.

हे फिल्टर मी सगळ्यात शेवटी टाकलं, मुद्दाम. पहिल्याच दिवशी टाकलं असतं तर दोन्ही दुखणी झाकली गेली असती आणि तो हिरवा जोड एक दिवस पुरता तुटून भर पावसात कायमचा ‘उघडं’ झाला असता. जिथे तिथे ‘डिबाउन्स वाढवा’ (म्हणजे हीच थांबायची वेळ वाढवा) असं सांगतात, ते ताप असताना नुसती क्रोसिन घेण्यासारखं आहे.

वीज गेली की बोर्ड गायब

याची कारणं तीन निघाली, तिघांची लक्षणं जवळजवळ सारखी.

एक, बॅटरी. पेटीतली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी मीटरवर साडेबारा दाखवत होती म्हणून मी तिला चांगली समजलो. मोकळ्या बॅटरीचा आकडा काहीच सांगत नाही. गाडीचा २१ वॅटचा बल्ब लावून बघा. माझ्या बॅटरीचा आकडा बल्ब लावताच सहाच्या खाली आला. चांगली बॅटरी पाच मिनिटं बल्ब जाळूनही बाराच्या आसपास राहते. ही खराब असली तर आणखी एक गमतीदार लक्षण दिसतं : वीज नसताना भोंगा अडखळत वाजतो. भोंगा सुरू झाला की व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतं, भोंगा थांबतो, बोर्ड उठतं, दार उघडं बघून पुन्हा भोंगा. नाना, शेजारचे, म्हणाले गाढव ओरडतंय असं वाटलं. या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षं जातात, कौलाखालच्या उकाड्यात त्याहून कमी. फुगलेली दिसली तर मोजतही बसू नका, बदला. नवी लावल्यावर चार्जिंगचं व्होल्टेज १३.५ ते १३.८च्या दरम्यान आहे ना ते तपासा, नाहीतर जुनं चार्जर नवीलाही फुगवेल.

दोन, राउटर. बोर्ड बॅटरीवर जिवंत असतं पण राउटर आणि फायबरचा डबा मेलेला असतो. मोबाईलला दोन्ही सारखंच दिसतं : ऑफलाइन. बोर्ड आणि दोन पीआयआर मिळून १२ व्होल्टला जेमतेम ०.१ अँपिअर घेतात, ७ एएचवर दोन-तीन दिवस निघतात. त्याच बॅटरीवर राउटर आणि रास्पबेरी पाय चढवलात तर खर्च एक अँपिअरच्या घरात जातो आणि पाच-सहा तासांत सगळं आडवं. म्हणून राउटरला वेगळा छोटा डीसी यूपीएस द्या, आणि भोंग्याचा निर्णय बोर्डातच ठेवा, रास्पबेरी पायवर किंवा इंटरनेटवर नको. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कोकणातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी ॲप काय दाखवतंय याला काडीची किंमत नाही, दाराला हात लागताच भोंगा वाजला पाहिजे.

तीन, लोखंडी पेटी. यावर हसाल, पण मी स्वतः केलं आहे. जुन्या पॅनेलची पेटी पत्र्याची, बोर्ड नीट आत बसवलं, झाकण लावलं. पत्र्याच्या पेटीत वायफायची अँटेना म्हणजे हौदात बसून गाणं. वर दीड फुटी चिऱ्याची भिंत. झाकण उघडं असताना सगळं चालायचं, म्हणून मी असताना कधीच बिघडायचं नाही! सिग्नल उणे ८६ डीबीएम होता (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), बोर्ड शेजारी प्लॅस्टिकच्या डब्यात काढल्यावर उणे ६४ झाला. पेटीतच ठेवायचं असेल तर ज्या मॉड्यूलच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असतो ते घ्या, त्याला बाहेरची अँटेना लागते. आणि हे बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल आणि जोडणी होत नसेल, तर २.४चं नाव वेगळं करून बघा.

बोर्डाला १२ व्होल्ट थेट देऊ नका. चढउतार सांभाळणारा बक कन्व्हर्टर आधी मोकळा जोडून, मीटर बघत, त्याचा स्क्रू फिरवून ५ व्होल्टवर आणा, मगच बोर्ड लावा. पाकिटातून निघताना तो कितीवर असेल याचा भरवसा नसतो. माझं एक बोर्ड यातच स्वर्गवासी झालं. आणि पेटीत ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट येतात, तेव्हा हात घालण्याआधी एमसीबी पाडा. मुख्य लाइनला हात लावायची सवय नसेल तर तेवढं काम वायरमनला करू द्या.

सगळं ठीक, पण फोन गप्प

भोंगा वाजला, नोटिफिकेशन सकाळी सातला आलं. दोष अलार्मचा नव्हता, माझ्या फोनचा होता, तो रात्री ॲपला झोपवतो. ॲपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनिर्बंध’ करा. होम असिस्टंटच्या संदेशात प्रायॉरिटी ‘हाय’, टीटीएल शून्य, आणि अँड्रॉइडवर चॅनल ‘अलार्म स्ट्रीम’ द्या, म्हणजे फोन सायलेंटवर असला तरी वाजतो.

बाहेरून घरचा अलार्म बघायला राउटरमध्ये पोर्ट उघडायच्या फंदात पडू नका. एक तर बऱ्याच कंपन्या आता अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे ते होतच नाही, आणि झालं तर अख्ख्या जगाला तुमच्या दाराची कडी दिसते. टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्या फोनसाठीचा खासगी रस्ता, घाला, अर्ध्या तासात होतं.

इंटरनेटला पर्याय म्हणून सिमकार्डवाला डायलर (अलार्म झाला की फोन लावणारा डबा) लावणार असाल तर दोन गोष्टी. स्वस्त डायलरमध्ये टूजीचं मॉड्यूल असतं, त्यामुळे टूजी न चालवणाऱ्या कंपनीचं सिम त्यात घातलं तर ते जन्मभर नेटवर्क शोधत बसेल. आणि त्या सिमचं रिचार्ज कुणाच्याच लक्षात राहत नाही. आमचं तीन महिने मेलेलं होतं. मी आता ते मामींच्या फोनच्या रिचार्जबरोबर एकाच तारखेला करतो.

उरलेल्या दोन गोष्टी

जुलैच्या मध्यात माजघरातला पीआयआर बोलला. आलेख सरळ, तार शुद्ध, उघडा राहिला पूर्ण तीन सेकंद, म्हणजे सेन्सरने खरंच काहीतरी पाहिलं होतं. मनात शंकेची पाल चुकचुकली आणि टॉर्च मारला तर खरोखरच पाल, सेन्सरच्या भिंगावर पोट टेकून बसलेली. भिंगाला चिकटलेली पाल पीआयआरला हत्तीएवढी दिसते. ट्यूबलाइटच्या शेजारी सेन्सर, ट्यूबभोवती किडे, किड्यांमागे पाल, असा तो संसार होता. सेन्सर ट्यूबपासून लांब, कोपऱ्यात सरकवला, मागचं तारेचं भोक सिलिकॉनने बंद केलं, कारण मुंग्या आणि कोळी तिथूनच आत जाऊन घर करतात. मामींनी वर अंड्याची टरफलं टांगली आहेत. माझा त्यावर विश्वास नाही, पण पाल पुन्हा आलेली नाही, त्यामुळे मी गप्प आहे.

पुढच्या दाराचं मॅग्नेट मात्र दर पावसाळ्यात बघावं लागेल. फणसाचं लाकूड पाण्याने फुगतं, दार पुरतं मिटत नाही, आणि मॅग्नेट स्विचपासून दीड-दोन सेंटीमीटरपलीकडे गेलं की झोन उघडा दिसतो. सुताराला बोलावून भर पावसात रंधा मारू नका, वैशाखात फट पडते. मॅग्नेटच थोडं पुढे सरकवा, स्क्रूची भोकं लांबट असतात ती त्यासाठीच.

ऑगस्टमध्ये एकदाच भोंगा वाजला, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, मागचं दार, अकरा सेकंद उघडं. मामी प्राजक्ताची फुलं वेचायला परसात निघाल्या होत्या आणि अलार्म बंद करायची किल्ली मामांच्या उशाखाली होती. मी सुचवलं, पाच वाजता आपोआप बंद होईल असं वेळापत्रक लावू. मामा म्हणाले, “पाचनंतर येणार नाही असं चोराने तुला लिहून दिलंय काय?” किल्ली आता फुलांच्या परडीत असते.